तान्ह्या लेकीला 'हार्टचं औषध' : आधी इको करायलाच हवा का?

सांगली जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलं आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. लेक नऊ आठवड्यांची, पूर्ण दिवसांची, जन्मतः वजन २ किलो ८०० ग्रॅम. बाराव्या दिवशी उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर डास चावल्यासारखा लाल ठिपका दिसला. आता तो लहान बोराएवढा फुगला आहे आणि पापणी निम्मी मिटलेलीच राहते. त्वचारोगतज्ज्ञांनी हेमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, असं निदान केलं, स्टेथोस्कोपनं छाती तपासली आणि प्रोप्रॅनोलॉल लगेच सुरू करू म्हणाले. औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवली तर, "हे तर बीपीचं, हार्टचं औषध, एवढ्याशा बाळाला?" असं ऐकायला मिळालं आणि घरभर धास्ती पसरली. पुण्यातले दीर म्हणतात, टू-डी इको केल्याशिवाय थेंबही देऊ नका. लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञांची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे. सासूबाईंचं म्हणणं, ग्रहणात भाजी चिरली त्याची ही लास, जाईल आपोआप. शिवाय त्यांना भीती आहे, कारण "आमच्या घरातलं एक पोर आधीच गेलंय" : मुलीच्या वडिलांचा चुलतभाऊ, पट्टीचा पोहणारा, चौदाव्या वर्षी विहिरीत बुडाला. आई विचारते, इकोसाठी थांबू, की औषध सुरू करू? आणि इको न सांगणारे डॉक्टर हयगय तर करत नाहीत ना?

ताई,

आधी उत्तर सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. इकोच्या तारखेसाठी तीन आठवडे थांबू नका. पण औषधाच्या पहिल्या डोसआधी लेकीचा ईसीजी मात्र काढून घ्या, उद्या-परवाच. तुमच्या लेकीला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तिला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. त्यांच्याशी काय बोलायचं, हे मात्र मी सांगू शकते.

तुमच्या पत्रातलं विहिरीचं वाक्य मी तीनदा वाचलं. सासूबाईंच्या भीतीचं कारण म्हणून तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, आणि मला वाटतं, डॉक्टरांना ते सांगितलं नसावं. विचारलं कुणी नसेल, आणि 'बुडून गेला' हे कुणाला आजाराच्या खात्यात घालावंसं वाटत नाही. पण चांगलं पोहता येणारं पोर पाण्यात अचानक बुडतं, धडधाकट मुलगा पळता पळता कोसळतो आणि उठत नाही, घरात कुणाला तरी भीतीनं किंवा मोठ्या आवाजानं वारंवार चक्कर येते, या तिन्ही गोष्टी बालहृदयतज्ज्ञ कान टवकारून ऐकतात. हृदयाच्या विजेच्या प्रवाहात एक आनुवंशिक दोष असू शकतो, त्याला लाँग क्यूटी म्हणतात. त्यात हृदयाची घडण अगदी व्यवस्थित असते, पण प्रत्येक ठोक्यानंतर पुन्हा सज्ज व्हायला त्याला जास्त वेळ लागतो. पोहणं हे त्यातल्या एका प्रकारात ठोके बिघडायचं ओळखीचं निमित्त आहे. तुमच्या घरी असंच घडलं, असं मी मुळीच म्हणत नाही. विहिरीत पाय अडकतो, डोकं आपटतं, शेवाळावरून घसरायला होतं. बहुतेक वेळा अपघात हा अपघातच असतो. पण ही शंका तपासायची सुरुवात दहा मिनिटांच्या ईसीजीनं होते. तो लेकीचा काढाच, आणि तिच्या वडिलांचाही काढून घ्या.

आता यातली खरी मेख बघा. ज्या कारणासाठी लेकीचं हृदय तपासायला हवं, ते कारण टू-डी इकोमध्ये दिसतच नाही. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. कप्पे, पडदे, झडपा, मोठ्या वाहिन्या जागच्या जागी आहेत का, भोक आहे का, पंप नीट चालतो का, हे ती दाखवते. ठोके कुठून सुटतात, किती वेगानं सुटतात, वाटेत अडतात का, हे ईसीजी दाखवतो. प्रोप्रॅनोलॉल ठोक्यांचा वेग कमी करतं आणि विजेचा प्रवाह वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जरा सावकाश पोचवतं. म्हणून औषधाआधी पाहायची गोष्ट बहुतेक बाळांत विजेची असते. दिरांचा जीव तुटतो म्हणून ते आग्रह धरतात, हे मला कळतं. पण 'मोठी तपासणी म्हणजे जास्त सुरक्षित' हे त्यांच्या मनातलं गणित इथे चुकतं.

हे हार्टचं औषध डागावर कसं आलं, तेही सांगते, म्हणजे दुकानातल्या त्या वाक्याची भीती जाईल. प्रोप्रॅनोलॉल १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी शोधलं, छातीतल्या कळा आणि बीपीसाठी. लहान मुलांनाही ते हृदयाच्या काही आजारांत पूर्वीपासून दिलं जातं. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ या त्वचारोगतज्ज्ञ एका बाळावर उपचार करत होत्या; ती हकीकत २००८ साली प्रसिद्ध झाली. नाकावर हेमॅन्जिओमा होता आणि त्यासाठी स्टेरॉइड चालू होतं. स्टेरॉइडमुळे बाळाच्या हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून प्रोप्रॅनोलॉल दिलं. दुसऱ्याच दिवशी लालभडक गाठ जांभळट झाली आणि मऊ पडली. पुढे ४६० बाळांवर रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. सहा महिने पूर्ण डोस घेतलेल्या बाळांपैकी ६० टक्क्यांची गाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेली. नुसतं साधं सरबत दिलेल्या बाळांत हे प्रमाण ४ टक्के होतं. म्हणजे तुमच्या लेकीला हे औषध तिचं हृदय आजारी आहे म्हणून दिलेलं नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या आकसाव्यात आणि तिची वाढ थांबावी, म्हणून दिलं आहे.

सुरुवातीच्या वर्षांत सगळेच जपून होते. मीही होते. हेमॅन्जिओमाचं बाळ आलं की दवाखान्यात भरती, ईसीजी, इको, हृदयतज्ज्ञांची चिठ्ठी, आणि मग कुठे पहिला थेंब. नवं औषध, एवढासा जीव, तेव्हा तेच योग्य होतं. मग हजारो बाळांचा अनुभव जमा झाला आणि कळलं की सरसकट केलेल्या या तपासण्यांमुळे औषध थांबवावं लागलं, असं क्वचितच घडतं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून जे ठरवलं आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं, त्यात इको सरसकट नाही. नीट विचारपूस आणि तपासणी प्रत्येकाची. ईसीजी कधी, तर ठोके वयाच्या मानानं कमी असले (एक महिना ते एक वर्षाच्या बाळात मिनिटाला ८० च्या खाली), ठोके अनियमित लागले, घरात जन्मजात हृदयविकाराचा किंवा ठोक्यांच्या विकाराचा इतिहास असला, किंवा आईला ल्युपससारखा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा, आजार असला तर. हा शेवटचा मुद्दा वाचणाऱ्या सगळ्या आयांनी लक्षात ठेवावा. आईच्या रक्तातली काही प्रतिद्रव्यं वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि हृदयातला विजेचा मार्ग कायमचा अडवू शकतात. सांधे दुखतात, उन्हात चेहऱ्यावर चट्टे उठतात, डोळे-तोंड कोरडं पडतं, असा त्रास तुम्हाला असेल तर स्वतःहून बोला.

तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी हयगय केली, असं मला वाटत नाही. त्यांनी छाती ऐकली, इको टाळला, हे आजच्या पद्धतीला धरूनच आहे. त्यांच्यापर्यंत फक्त विहिरीची गोष्ट पोचली नाही. ती पोचवा. काही दवाखाने आजही प्रत्येक बाळाचा ईसीजी काढतात, तेही चूक नाही.

मग इको कुणाचा हवा? छातीत मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबत जादा आवाज, ऐकू आली, बाळ दूध पिताना दमतं, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, ओठ निळसर होतात, तर हवा. चेहऱ्याच्या एका बाजूला नकाशासारखा पसरलेला, पाच सेंटिमीटरपेक्षा मोठा डाग असेल, तर हवाच, आणि सोबत डोक्या-मानेचा एमआरआयही. अशा डागासोबत कधी कधी मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद असतात आणि महाधमनीही आकसलेली असते. त्याला फेस सिंड्रोम म्हणतात. अशा बाळाचा रक्तदाब औषधानं खाली गेला तर मेंदूला रक्त कमी पडू शकतं. म्हणून तिथे घाई करायची नाही, तपासण्या आधी. अंगावर पाच किंवा जास्त ठिपके असतील तर पोटाची सोनोग्राफी करतात, कारण यकृतातही गाठी असू शकतात, आणि तिथे मोठ्या गाठी निघाल्या तर हृदयावर ताण येतो. मग इको लागतो. तुमच्या लेकीला एकच गाठ, तीही बोराएवढी. यातलं काही तिला लागू दिसत नाही. तरी एकदा आंघोळीच्या वेळी टाळू, कानामागे, ढुंगण, पाठीचा तळ, सगळं उजेडात नीट बघून घ्या.

तरीही 'इको करून टाकला तर बिघडलं काय' असं दीर म्हणतील. तीन आठवडे बिघडतात, ताई. हेमॅन्जिओमा सगळ्यात झपाट्यानं वाढतो तो पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून पुढचे काही आठवडे, आणि तीन महिन्यांपर्यंत त्याची बहुतेक वाढ होऊन गेलेली असते. तुम्ही आत्ता त्याच दिवसांत आहात. आणि जागा पापणीची आहे. पाठीवर हीच गाठ असती तर मी म्हटलं असतं, बघू सावकाश. पण पापणी बाहुलीवर आली की त्या डोळ्यातून मेंदूला चित्रच जात नाही. बाहुली उघडी राहिली तरी गाठीच्या दाबानं बुबुळाचा आकार बदलतो आणि चष्म्याचा तिरपा नंबर येतो. या वयात मेंदू बघायला शिकत असतो. ज्या डोळ्यातून धूसर येतं तो डोळा तो सोडून देतो, आणि मग मोठेपणी चष्मा लावूनही ती नजर पूर्ण परत येत नाही. म्हणून इकोच्या आधी मी तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवेन, याच आठवड्यात. आणि इकोमध्ये काय निघण्याची शक्यता जास्त? या वयाच्या कितीतरी निरोगी बाळांच्या वरच्या पडद्यात छोटीशी फट अजून बुजलेली नसते. कागदावर तसं लिहून येतं, घरात 'हृदयाला भोक' असा शब्द फिरतो आणि औषध आणखी महिनाभर लांबतं. त्या फटीचा या औषधाशी काही संबंध नसतो.

ईसीजीबद्दल दोन गोष्टी सांगते. तो तुमच्या तालुक्यातही निघेल, पण बाळ दूध पिऊन झोपलं असताना काढा. रडतं-हलतं असेल तर रेषा वाचता येत नाहीत. आणि कागदावर यंत्रानं आपोआप छापलेलं इंग्रजी वाक्य वाचून घाबरू नका. यंत्रं बहुधा मोठ्या माणसांच्या मापानं वाचतात, आणि तान्ह्या बाळाच्या हृदयाची उजवी बाजू मुळातच जोरकस असते, म्हणून निरोगी बाळाच्या कागदावरही 'दोष' छापून येतो. कागद बालरोगतज्ज्ञांनी, शक्यतो बालहृदयतज्ज्ञांनी वाचायला हवा, क्यूटीचं अंतर, म्हणजे मघाशी सांगितलेला सज्ज व्हायचा वेळ, हातानं मोजून. ज्यांची तीन आठवड्यांनंतरची तारीख आहे, त्यांच्याच दवाखान्यात फोन करून विचारा, 'ईसीजीचा फोटो पाठवते, औषध अडलंय, डॉक्टर बघतील का?' घरात चौदा वर्षांचा मुलगा अचानक गेला, हे त्याच वाक्यात सांगा. मला खात्री आहे, तारीख अलीकडे येईल. क्यूटी खरंच लांब निघाला तर पुढचं सगळं हृदयतज्ज्ञ ठरवतील. सासूबाईंना एवढं सांगा की त्या आजारात मुलांना जपायला याच गटातली औषधं वापरतात.

हृदय तपासणं म्हणजे डोसआधीचा एक कागद, असंही समजू नका. पहिला डोस दवाखान्यातच घ्यायचा असतो. मी कसा देते ते सांगते. आई बाळाला पोटभर पाजते. सिस्टर मांडीला अगदी छोटा पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजते, ठोके मोजते, आकडे लिहिते. मग गालाच्या आतल्या बाजूला सिरिंजनं थेंब थेंब औषध. एक तासानं पुन्हा मोजायचं, दोन तासांनी पुन्हा. औषधाचा जोर साधारण या वेळात असतो. मधल्या वेळात आई पाजते, बाळ झोपतं, बाप बाहेर येरझारा घालतो. सुरुवात कमी डोसनं, दिवसाला किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम, ते दोनदा विभागून. मग वाढवत २ ते ३ पर्यंत. प्रत्येक वेळी डोस वाढवला की पुन्हा हीच मोजणी. बाळ आठ आठवड्यांच्या आतलं असेल, लवकर जन्मलेलं असेल, किंवा घर दवाखान्यापासून लांब असेल तर भरती करून सुरू करणं बरं. तुम्ही तालुक्याला राहता, तेव्हा एक-दोन दिवस भरती ठेवा म्हणून स्वतः मागणी करा.

आणि आता ज्या गोष्टीची मला हृदयापेक्षा जास्त धास्ती वाटते, ती. रक्तातली साखर. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे पाच महिन्यांचं एक बाळ पहाटे आणलं होतं. औषध दोन महिने छान चाललं होतं, इको-ईसीजी सगळं नॉर्मल. आदल्या संध्याकाळी सर्दीनं नाक चोंदलं, बाळ प्यायलं नाही, आईनं मात्र डोस चुकू नये म्हणून निष्ठेनं दिला. रात्रभर बाळ झोपलं, घरच्यांना वाटलं, बरं झालं. पहाटे अंग घामानं ओलं, थंडगार, मान लुळी. साखर ३० च्याही खाली. सलाइनमधून साखर गेल्यावर काही मिनिटांत त्यानं डोळे उघडले आणि टाहो फोडला; ते रडणं मला अजून ऐकू येतं. त्या आईची चूक नव्हती. 'नाही प्यायलं तर देऊ नका' हे वाक्य तिला आमच्यापैकी कुणी ठासून सांगितलं नव्हतं, मीसुद्धा. तेव्हापासून मी ते चिठ्ठीवर लाल शाईनं लिहिते.

म्हणून: औषध पाजतानाच किंवा पाजल्यावर लगेच, उपाशीपोटी कधीच नाही. लेकीच्या वयात पाच तासांपेक्षा जास्त वेळ दुधाविना जाऊ देऊ नका, रात्री उठवून पाजा. दोन डोसांत निदान नऊ तासांचं अंतर. उलटी, जुलाब, ताप, सर्दीनं दूध कमी झालं, किंवा छातीत सूं-सूं आवाज आला, तर डोस थांबवायचा आणि डॉक्टरांना फोन. डोस थुंकला तर पुन्हा नाही, चुकला तर पुढचा दुप्पट नाही. घाम, थंड अंग, लुळेपणा, उठवूनही नीट जाग न येणं, झटका, यातलं काही दिसलं तर जागी असेल तर लगेच पाजा आणि वाट न बघता दवाखाना गाठा. हातपाय जरा गार राहणं, झोप चाळवणं हे मात्र बऱ्याच बाळांत होतं, त्यानं घाबरू नका.

मोजमापाचंही बोलते, कारण आपल्याकडे घोळ इथेच होतो. तयार पातळ औषध सगळीकडे मिळतंच असं नाही, मग गोळी पाण्यात विरघळवून द्यायला सांगतात. 'पाव गोळी' असं अंदाजानं कधी देऊ नका. किती मिलिग्रॅमची गोळी, किती मिलिलिटर पाणी, त्यातलं किती मिलिलिटर द्यायचं, हे डॉक्टरांकडून आकड्यांत लिहून घ्या, त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा. पातळ औषधाची बाटली बदलली की दर मिलिलिटरमागचे मिलिग्रॅम पुन्हा वाचा. दोन बाटल्यांत ते सारखे नसतात. चमच्यानं नाही, सुईविना सिरिंजनं. घरात डोस देणारं माणूस एकच असू द्या, आणि कॅलेंडरवर खूण करायची. वजन वाढेल तसा डोस बदलतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली प्रत्येक तारीख पाळा. औषध निदान सहा महिने चालेल, पुष्कळदा वाढदिवस उलटेपर्यंत.

राहिल्या सासूबाई. त्यांचं अर्धं बरोबर आहे. या गाठी वर्षानंतर खरंच ओसरू लागतात आणि चार वर्षांपर्यंत बहुतेकांच्या ओसरलेल्या असतात. त्यांनी गावात अशी मुलं पाहिली असणार. पण लेकीचा डोळा चार वर्षं थांबू शकत नाही. ग्रहणाचं म्हणाल तर गाठ जन्मतः नव्हतीच, बाराव्या दिवशी आली. या गाठीतल्या पेशींवर जी खूण सापडते, ती वारेतल्या रक्तवाहिन्यांवरही सापडते. भाजीच्या सुरीचा तिथपर्यंत हात पोचत नाही. तुम्ही पोटुशी असताना काही चुकीचं केलेलं नाही. हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, त्यांच्याशी वाद घालायला नव्हे. त्यांच्याजवळ बसून त्या मुलाबद्दल विचारा: त्याआधी कधी चक्कर आली होती का, झटके आले होते का, त्याच्या आई-वडिलांकडे आणखी कुणी असं अचानक गेलं का. इतकी वर्षं त्या पोराबद्दल घरात कुणी मोकळेपणी बोललं नसेल. जे कळेल ते कागदावर लिहून ईसीजीसोबत न्या.

आणि पहिल्या डोसआधी लेकीचा एक फोटो काढा, खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, डोळे उघडे असताना. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी दुसरा. गाठीचा लालभडकपणा थोडा मावळलेला दिसला, तर तो फोटो आधी सासूबाईंना दाखवा.